आंतरशीतक, अतिभरित मोटारींतील

आंतरशीतक : अंतर्ज्वलन-एंजिनाच्या सिलिंडरात शिरण्यापूर्वी दाबलेल्या हवेतील उष्णता काढून घेणारा उष्णता-विनिमयक. कारखान्यांत व गॅरेजांत तो ‘इंटरकूलर’ या नावानेच ओळखला जातो. एंजिनाला वातावरणाच्या दाबाहून अधिक दाबाची हवा पुरविण्याच्या क्रियेस अतिभरण म्हणतात. त्यासाठी वापरण्यात येणारा पंप एंजिनाच्या भुजादंडावरून पट्ट्याने वा दंतचक्रांनी फिरविला, तर त्यास अतिभरक किंवा सुपरचार्जर म्हणतात. बाहेर पडणाऱ्या निष्कास वायूंवर चालणाऱ्या टरबाइनाने फिरविला, तर टर्बोचार्जर म्हणतात. दोहोंतही हवा दाबली गेल्याने तापते आणि तापल्याने प्रसरण पावते. त्यामुळे दाबण्याने जे मिळाले, त्यातील काही भाग तापण्याने निघून जातो. हा गेलेला भाग परत मिळविणे हे आंतरशीतकाचे कार्य होय.

हे साधन प्रथम विमाने, जहाजे व शर्यतीच्या मोटारी यांत वापरले गेले आणि पुढे मालट्रक व सामान्य मोटारी यांत आले. त्याने एंजिनाची शक्ती वाढली, तसाच एंजिनाच्या प्रत्येक ओतीव भागावरील ताणही वाढला. त्यामुळे त्याचा इतिहास धावपट्टीइतकाच ओतशाळेशीही निगडित आहे. महाराष्ट्रात या दुसऱ्या बाजूचे एक प्रमुख केंद्र म्हणजे कोल्हापूर शहर व त्यालगतची शिरोलीची औद्योगिक वसाहत होय. प्रस्तुत नोंदीत प्रथम तत्त्व व प्रकार, नंतर जागतिक इतिहास आणि शेवटी महाराष्ट्रातील अनुभव यांचा विचार केला आहे.

तत्त्व : एंजिनाची शक्ती ही सिलिंडरात किती इंधन जाळता येते यावर आणि इंधनाचे प्रमाण हे सिलिंडरात किती वजनाची हवा भरली जाते यावर अवलंबून असते. पेट्रोलाच्या १ किग्रॅ. इंधनास पूर्ण ज्वलनासाठी सु. १४·७ किग्रॅ. हवा लागते. इंधन अधिक सोडणे सोपे असते; हवा अधिक भरणे अवघड असते. सिलिंडराचे आकारमान ठराविक असल्याने हवेची घनता वाढविणे हाच एक मार्ग उरतो.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. बाहेरील हवा ३०° से. तापमानाची व १ बार दाबाची आहे, असे मानू. तिची घनता दर घ.मी.ला सु. १·१५ किग्रॅ. असते. दाब दुप्पट केला व संपीडकाची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर हवेचे तापमान सु. १२५° से. होते. दाब दुप्पट झाला, तरी घनता दुप्पट होत नाही, ती सु. १·७५ पर्यंतच पोहोचते. हीच हवा आंतरशीतकातून नेऊन ५५° से.पर्यंत थंड केली, तर घनता सु. २·१२ होते. शीतकाच्या अरुंद मार्गांतून जाताना हवेचा दाब काहीसा घटतो. तो ५ टक्के घटला असे धरले, तरी घनता सु. २·०२ राहते. म्हणजे तोच संपीडक व तेच एंजिन असताना सु. १५ टक्के अधिक हवा मिळते. दर सेकंदास ०·१ किग्रॅ. हवा घेणाऱ्या एंजिनात यासाठी सु. ७ किलोवॉट इतकी उष्णता सतत बाहेर टाकावी लागते.

हवा प्रत्यक्षात जितकी थंड झाली आणि ती जास्तीत जास्त जितकी थंड होऊ शकली असती, यांच्या गुणोत्तरास शीतकाची परिणामकारकता म्हणतात. वरील उदाहरणात ती सु. ७४ टक्के आहे. बाहेरील हवेने थंड होणाऱ्या शीतकातून निघणारी हवा बाहेरील हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही, ही या साधनाची मूलभूत मर्यादा होय [⟶ ऊष्मागतिकी].

घनतेच्या लाभाइतकाच महत्त्वाचा दुसरा लाभ एंजिनाच्या रक्षणाचा आहे. पेट्रोल एंजिनात आत येणारी हवा फार तापलेली असेल, तर ज्योत पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण आपोआप पेटून ठोके बसू लागतात. असे ठोके चालू राहिल्यास दट्ट्याच्या माथ्यास भोक पडणे किंवा कड्यांमधील पट्टी तुटणे असे प्रकार घडतात. डीझेल एंजिनात ठोक्यांचा हा प्रकार उद्‌भवत नाही; तथापि हवा तापलेली असल्यास निष्कास वायूंचे तापमान, झडपांवरील भार व नायट्रोजनाच्या ऑक्साइडांचे प्रमाण ही सर्व वाढतात. थंड हवेने या तिन्ही गोष्टी खाली येतात.

नाव व प्रकार : हवा दोन टप्प्यांत दाबली जात असता त्या दोन टप्प्यांच्या मध्ये बसविलेला शीतक तो आंतरशीतक आणि अखेरच्या टप्प्यानंतरचा तो उत्तरशीतक, असा मूळ भेद आहे. स्थिर संपीडकांच्या व विमान एंजिनांच्या क्षेत्रात तो पाळला जातो. मोटारींमध्ये बहुधा एकच टप्पा असल्याने काटेकोरपणे पाहता तेथील शीतक उत्तरशीतक ठरतो. परंतु आंतरशीतक हेच नाव रूढ झाले आहे.

मोटारींतील आंतरशीतकांचे दोन प्रकार आहेत. (१) वात-वात शीतक : दाबलेली हवा ॲल्युमिनियमाच्या चपट्या नळ्यांतून जाते, नळ्यांमध्ये नागमोडी पातळ पत्र्याच्या पात्या झाळून बसविलेल्या असतात व त्यांवरून बाहेरील वारा वाहतो. रचना साधी व हलकी असून पंप लागत नाही. मात्र तो वाऱ्याच्या तोंडावर बसवावा लागत असल्याने हवेच्या नळांची लांबी वाढते. (२) वात-जल शीतक : दाबलेल्या हवेची उष्णता प्रथम पाणी व ग्लायकॉल यांच्या मिश्रणास दिली जाते. हे मिश्रण स्वतंत्र विजेच्या पंपाने पुढील बाजूच्या वेगळ्या, कमी तापमानाच्या प्रारकाकडे, म्हणजे बोलीतील रेडिएटरकडे, नेऊन थंड केले जाते. वजनास वजन पाहता पाणी हे हवेच्या सु. चौपट उष्णता सामावते. आकारमानाने हे प्रमाण कित्येक हजारपट होते. त्यामुळे शीतकाचा गाभा लहान करता येतो व तो थेट प्रवेशनळीतच बसविता येतो. यांत्रिक अतिभरक हा V आकाराच्या एंजिनात सिलिंडरांच्या दोन रांगांमधील खोबणीत बसत असल्याने अशा मोटारींत बहुधा हाच प्रकार आढळतो.

पूर्वेतिहास : अतिभरणाची कल्पना मोटारीइतकीच जुनी आहे. गोटलीप डाइमलर (१८३४–१९००) यांनी १८८५ मध्ये व रूडोल्फ डीझेल (१८५८–१९१३) यांनी १८९६ मध्ये ज्वलनाची हवा आधी दाबून शक्ती वाढविण्याचे मार्ग तपासले होते. त्यासाठी लागणारे एक यंत्र मात्र त्याही आधी, वेगळ्याच कामासाठी तयार झाले होते. अमेरिकेतील इंडियाना राज्यात फिलँडर व फ्रान्सिस रूट्स या बंधूंनी १८६० मध्ये दोन परस्परांत गुंतून फिरणाऱ्या पाकळ्यांच्या वातक्षेपकाचे एकस्व घेतले. लोखंड वितळविणाऱ्या भट्ट्यांना वारा घालण्यासाठी तो उपयोगी पडला. ओतशाळेतील हेच यंत्र पुढे मोटारीच्या एंजिनावर चढले व ‘रूट्स पद्धतीचा अतिभरक’ म्हणून प्रसिद्धीस आले. या यंत्रात हवा आतल्या आत दाबली जात नाही. ती नुसती पुढे ढकलली जाते व पुढील नळीत कोंडून दाबली जाते. त्यामुळे त्याची कार्यक्षमता कमी असून हवा अधिक तापते. यांत्रिक अतिभरकाच्या मोटारींत शीतनाचा प्रश्न तीव्र असण्याचे हे एक मूळ कारण होय.

निष्कास वायूंची वाया जाणारी ऊर्जा वापरण्याची कल्पना स्विस अभियंते आल्फ्रेट ब्यूची (१८७९–१९५९) यांनी १९०५ च्या एकस्वात मांडली. तिला व्यवहारात यश येण्यास वीस वर्षे लागली. १९२५ च्या सुमारास ‘प्रॉइसेन’ व ‘हान्झेश्टाट डान्झिक’ या जर्मन प्रवासी जहाजांच्या डीझेल एंजिनांची शक्ती १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीपर्यंत वाढविण्यात आली. दरम्यान पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समध्ये ऑग्यूस्त रातो (१८६३–१९३०) व अमेरिकेत सॅनफर्ड मॉस (१८७२–१९४६) यांनी विमानांसाठी टर्बोचार्जर तयार केले. मॉस यांनी १९१८ मध्ये ‘लिबर्टी’ विमान-एंजिन सु. ४,३०० मी. उंचीच्या पाइक्स पीक या शिखरावर नेऊन विरळ हवेत त्याची चाचणी घेतली.

शर्यतीच्या मोटारी : मर्सिडीझ कंपनीने १९२१ मध्ये बर्लिन येथील प्रदर्शनात अतिभरक बसविलेल्या मोटारी मांडल्या. चालकाने प्रवेगक पूर्ण दाबल्यावरच त्यांचा अतिभरक कार्यान्वित होई. १९२३ मध्ये माँत्सा येथील इटालियन ग्रांप्री शर्यत फिआट ८०५ या मोटारीने जिंकली. अतिभरित मोटारीचा ग्रांप्रीतील हा पहिला विजय होय. त्यानंतर काही वर्षांतच अतिभरकाविना शर्यत जिंकणे जवळजवळ अशक्य झाले.

मोटारीत आंतरशीतकाचा वापर प्रथम ठळकपणे दिसतो तो अमेरिकेत. फ्रँक लॉकहार्ट (१९०३–२८) या तरुण चालकाने १९२६ ची इंडियानापोलिस शर्यत जिंकली. हॅरी मिलर (१८७५–१९४३) यांनी बांधलेली त्याची ९१ घन इंच, म्हणजे सु. १·५ लि. क्षमतेची मोटार केंद्रोत्सारी अतिभरकाची होती. या अतिभरकातून निघणारी हवा फार तापते हे ध्यानी घेऊन लॉकहार्ट व त्याचे सहकारी जॉन आणि झीनस वाइझेल हे बंधू यांनी अतिभरक व प्रवेशनळी यांच्या दरम्यान, वाऱ्यात उघडा राहणारा, फासळ्यांचा शीतक बसविला. १९२७ मध्ये कॅलिफोर्नियातील म्यूरॉक येथील कोरड्या सरोवरावर या लहान एंजिनाच्या मोटारीने दोन्ही दिशांच्या धावांच्या सरासरीने ताशी सु. २६४ किमी. वेग गाठला. पुढील वर्षी वेगाच्या विक्रमासाठीच बांधलेल्या दुसऱ्या एका मोटारीतून डेटोना बीच येथे प्रयत्न करीत असता अपघातात लॉकहार्टचा अंत झाला.

यूरोपातील ग्रांप्री मोटारींनी याच प्रश्नाचे वेगळे उत्तर शोधले. त्यांनी मिथेनॉलप्रधान इंधने वापरली. १ किग्रॅ. मिथेनॉलाचे बाष्पीभवन होताना सु. १,१०० किलोजूल उष्णता शोषली जाते. पेट्रोलाच्या बाबतीत हा आकडा सु. ३५० आहे. शिवाय तेवढ्याच हवेला मिथेनॉल दुपटीहून अधिक लागते. त्यामुळे इंधनच शीतकाचे काम करी. याची किंमत इंधनाच्या प्रचंड खपात मोजावी लागे. १९५० व १९५१ चे जागतिक विजेतेपद मिळविणाऱ्या आल्फा रोमेओच्या १·५ लि. अतिभरित मोटारींना शर्यतीत वारंवार थांबून इंधन भरावे लागे. त्यानंतरच्या नियमांत अतिभरित मोटारींना वाव उरला नाही आणि ग्रांप्रीतून अतिभरण सु. पंचवीस वर्षे लुप्त झाले.

विमान-एंजिने : आंतरशीतकास परिपक्व रूप मिळाले ते दुसऱ्या महायुद्धात. उंचावरील विरळ हवेत विमानाची शक्ती टिकविण्यासाठी रोल्स-रॉइस कंपनीत स्टॅन्ली हुकर (१९०७–८४) प्रभृतींनी ‘मर्लिन’ एंजिनास दोन टप्प्यांचा अतिभरक जोडला. दोन टप्प्यांत हवा इतकी तापे की, शीतनाशिवाय एंजिन चालविणेच शक्य नव्हते. म्हणून अतिभरक व सिलिंडर यांच्या दरम्यान द्रवशीतित गाभा बसविला गेला आणि त्याच्या द्रवासाठी स्वतंत्र पंप व विमानाच्या पंखाखाली स्वतंत्र प्रारक देण्यात आला. १९४२ मध्ये ‘स्पिटफायर ९’ या विमानात हे एंजिन आले. आजच्या अतिभरित मोटारींतील वात-जल शीतकाची संपूर्ण मांडणी—गाभा, पंप, कमी तापमानाचा वेगळा प्रारक—यात दिसते.

रस्त्यावरील वेगवान मोटारी : सामान्य ग्राहकांच्या मोटारींत अतिभरण परत आले ते प्रथम शीतकाविना. १९६२ च्या ओल्ड्‌समोबील जेटफायर या अमेरिकन मोटारीत ठोके टाळण्यासाठी पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण प्रवेशनळीत फवारले जाई. त्याची टाकी चालकाने भरत राहणे आवश्यक होते. ती रिकामी राहिल्यास अतिभरणाचा दाब आपोआप कमी केला जाई. ही व्यवस्था फार काळ टिकली नाही. पोर्श कंपनीची ९११ टर्बो ही मोटार १९७४ मध्ये पॅरिस येथे सादर झाली, तेव्हा तिचे एंजिन ३·० लि. क्षमतेचे व २६० अश्वशक्तीचे होते. १९७८ च्या आवृत्तीत क्षमता ३·३ लि. करून मागील पंखाखाली वात-वात आंतरशीतक बसविण्यात आला व शक्ती ३०० पर्यंत गेली.

ग्रांप्री क्षेत्रात १९६६ पासूनच्या नियमांनुसार ३ लि.च्या साध्या किंवा १·५ लि.च्या अतिभरित एंजिनास मुभा होती. या दुसऱ्या पर्यायाचा उपयोग करून रनो कंपनीने १९७७ मध्ये टर्बोचार्जरयुक्त मोटार उतरविली. आरंभी ती वारंवार धूर सोडीत बंद पडे. १९७९ मध्ये दीझाँ येथील फ्रेंच ग्रांप्रीत तिने पहिला विजय मिळविला. पुढील दशकात अशा मोटारींच्या दोन्ही अंगांस मोठे आंतरशीतक दिसू लागले. १९८८ नंतर टर्बोचार्जरवर बंदी आली व २०१४ मध्ये १·६ लि. एंजिनांसह तो परत आला.

यांत्रिक अतिभरकाच्या मोटारींत १९८० नंतर शीतक नियमाने येऊ लागला. १९८९ ची फोर्ड थंडरबर्ड सुपर कूप व १९९० नंतरच्या दशकातील जॅग्वार एक्सजेआर या आंतरशीतकयुक्त मोटारी त्याची उदाहरणे होत. पुढे अतिभरकाखालीच शीतकाच्या विटा बसविण्याची पद्धत शक्तिशाली अमेरिकन मोटारींत रूढ झाली. या पद्धतीचा प्रमुख दोष उष्णता साचण्याचा आहे. एका जोरदार धावेत पाण्याचा साठा उष्णता सामावून घेतो. पाठोपाठ दुसरी व तिसरी धाव घेतली, की पाणी तापते, लहान प्रारकास ती उष्णता तितक्या त्वरेने टाकता येत नाही आणि नियंत्रक संगणक एंजिनाच्या रक्षणार्थ प्रज्वलन मागे घेऊन शक्ती घटवितो. मोटार उभी केल्यावर तप्त एंजिनाची उष्णताही वर चढून शीतकात शिरते. यावर मोठा प्रारक, अधिक क्षमतेचा पंप, पाण्याचा मोठा साठा हे नेहमीचे उपाय होत. २०१८ च्या डॉज डीमन या मोटारीत वातानुकूलनातील प्रशीतकाचा प्रवाह वळवून त्याने हे पाणी थंड करण्याची सोय करण्यात आली. बाहेरील हवेपेक्षा खाली जाता येत नाही, ही मर्यादा त्यामुळे तात्पुरती ओलांडली गेली. परंतु त्यासाठी लागणारे काम अखेर एंजिनाकडूनच घ्यावे लागते.

डीझेल एंजिने : शर्यतींतील अनुभव मालवाहतुकीकडे वळला तो डीझेल एंजिनांच्या मार्गाने. १९५२ च्या इंडियानापोलिस शर्यतीत कमिन्स कंपनीच्या टर्बोचार्जरयुक्त डीझेल मोटारीने फ्रेड अगाबाशिअन याच्या हाती पात्रताफेरीत पहिले स्थान पटकाविले. शर्यतीत मात्र ७१ फेऱ्यांनंतर तिला थांबावे लागले. धावपट्टीवरील टायरांच्या रबराचे कण अडकून टर्बोचार्जरचे प्रवेशद्वार चोंदले होते. अतिभरित एंजिन प्रथम श्वासासाठी तडफडते व नंतर उष्णतेने जाते, हा धडा त्यातून मिळाला. ही कंपनी पुढे १९६२ मध्ये किर्लोस्कर उद्योगसमूहाबरोबर पुण्यात आली [⟶ अंतर्ज्वलन-एंजिन].

महाराष्ट्रातील वाटचाल : भारतात मालट्रकांचे उत्पादन डाइमलर-बेंझ कंपनीच्या सहकार्याने टाटांनी १९५४ मध्ये जमशेटपूर येथे सुरू केले. ती एंजिने साधी, म्हणजे स्वतः हवा ओढून घेणारी होती आणि अशीच एंजिने देशातील रस्त्यांवर अनेक दशके चालली. इंधन मुबलक टाकून काळा धूर सोडीत घाट चढणारा ट्रक हे तेव्हाचे नित्याचे दृश्य होते. अतिभरण व आंतरशीतन यांचा प्रसार येथे वेगाच्या हौसेने झाला नाही. तो प्रदूषणाच्या नियमांनी घडवून आणला. २००० मध्ये यूरोपीय धर्तीची पहिली उत्सर्जन-मानके देशभर लागू झाली, २०१७ मध्ये चौथा टप्पा देशभर आला व १ एप्रिल २०२० पासून सहावा टप्पा अमलात आला. दर टप्प्यास कमी धूर व कमी नायट्रोजन ऑक्साइडे यांची अट कडक होत गेली. यांपैकी धूर कमी करण्यास भरपूर हवा व ऑक्साइडे कमी करण्यास थंड हवा लागते. अतिभरक व आंतरशीतक मिळूनच या दोन्ही मागण्या पुऱ्या होतात. एंजिनांच्या नावांमागे ‘टीसीआयसी’ ही अक्षरे याच काळात दिसू लागली. पुण्यात १९६६ मध्ये स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेत एंजिनांच्या व वाहनांच्या चाचण्या होतात.

येथील हवामानाने आंतरशीतकापुढे स्वतःचे प्रश्न उभे केले. बाहेर ४०° से. तापमान असता, आधीच्या उदाहरणातील शीतकातून हवा ५५° ऐवजी सु. ६६° से.ला बाहेर पडते. शीतकानंतरच्या दर १० अंशांमागे घनता सु. ३ टक्के घटते. खंबाटकी, आंबोली किंवा गगनबावड्याच्या घाटात भरलेला ट्रक पूर्ण शक्तीने पण अत्यंत कमी वेगाने चढत असतो. त्या वेळी समोरून वारा जवळजवळ नसतो व सर्व भिस्त पंख्यावर असते. ऊसपट्ट्यातील रस्त्यांवर धूळ व पाचटाचे कण शीतकाच्या पात्यांत अडकतात. रबरी नळ सैल झाला वा फाटला, तर दाबलेली हवा वाटेतच निघून जाते. ओढ कमी होऊन काळा धूर येऊ लागला, की जाणता चालक प्रथम होज पाइप तपासतो. प्रयोगशाळेत ठरविलेली परिणामकारकता रस्त्यावर टिकते की नाही, हे अशा साध्या निगेवर अवलंबून असते.

कोल्हापूर व शिरोली : आंतरशीतकाचा स्वतःचा गाभा पातळ ॲल्युमिनियमाचा असून तो पत्रा व झाळकाम यांच्या कारखान्यांत तयार होतो. त्याच्या अलीकडील व पलीकडील भाग—संपीडक व टरबाइनाचे कवच, निष्कासनळी, सिलिंडर-ठोकळा, सिलिंडर-शीर्ष, दट्ट्या—हे मात्र ओतकामाचे विषय आहेत. कोल्हापूरचा संबंध येथे येतो.

राजर्षी शाहू छत्रपतींच्या (१८७४–१९२२) काळात, १९०६ मध्ये शाहू मिलची स्थापना होऊन येथील आधुनिक उद्योगाचा पाया घातला गेला. शेतीच्या अवजारांची व यंत्रांची दुरुस्ती करणाऱ्या मेस्त्रींच्या लहान कारखान्यांतून कोल्हापूरची अभियांत्रिकी परंपरा वाढली. स्वातंत्र्यानंतर शिवाजी उद्यमनगरात पंचगंगेच्या काठच्या उसाला पाणी देणारी तेलावरील एंजिने मोठ्या प्रमाणावर होऊ लागली. खेडोपाडी वीज पोहोचली व विजेचे पंप आले, तसतशी या एंजिनांची मागणी ओसरली. एंजिन बनविणाऱ्या हातांना बीड ओतण्याची, गाभे व साचे बसविण्याची व यंत्रणाची कला अवगत होती. ती त्यांनी मोटार-उद्योगाच्या सुट्या भागांकडे वळविली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली. त्याने पुणे–बंगळूर महामार्गालगत, शिरोली येथे वसविलेल्या औद्योगिक क्षेत्रात या नव्या ओतशाळांना जागा मिळाली. नंतर गोकुळ शिरगाव व कागल–हातकणंगले येथेही वसाहती झाल्या. १९७७ मध्ये स्थापन झालेल्या मेनन पिस्टन्स या कंपनीचा दट्ट्यांचा कारखाना शिरोलीतच आहे. कागल येथे किर्लोस्कर ऑइल एंजिन्स कंपनीचा कारखाना आहे.

आंतरशीतनाने या धंद्याकडून काय मागितले, हे तांत्रिकदृष्ट्या उद्‌बोधक आहे. थंड व घन हवेमुळे तेवढ्याच सिलिंडरात अधिक इंधन जळते. तापमान आटोक्यात राहिले, तरी ज्वलनाचा कमाल दाब वाढतो. साध्या एंजिनास पुरेसे असणारे करडे बीड सिलिंडर-शीर्षास कमी पडू लागते. दोन झडपांच्या बैठकींमधील अरुंद पुलावर तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांनी तडे जातात. म्हणून क्रोमियम, मॉलिब्डेनम, तांबे यांसारख्या मूलद्रव्यांची मोजकी भर घातलेले बीड वापरावे लागते. शीर्षातील पाण्याचे मार्ग अधिक गुंतागुंतीचे होतात. ते वाळूच्या नाजूक गाभ्यांनी घडवावे लागतात व ओतल्यावर त्यांतील वाळूचा कणही मागे राहून चालत नाही. टरबाइनाच्या कवचास डीझेलमध्ये सु. ७००° से. व त्याहून अधिक आणि पेट्रोलमध्ये सु. १,०००° से. पर्यंतचे वायू सोसावे लागतात. त्यासाठी सिलिकॉन व मॉलिब्डेनमयुक्त तन्य बीड किंवा निकेलप्रचुर बीड लागते. ॲल्युमिनियमाच्या दट्ट्यात वरच्या कड्याच्या खाचेसाठी निकेलयुक्त बिडाचे वलय ओतून बसविले जाते. त्याच्या माथ्याखाली तेलाचा वर्तुळाकार मार्ग ठेवण्यासाठी मिठाचा गाभा वापरतात. ओतकाम निवाल्यावर तो पाण्याने विरघळवून काढतात [⟶ ओतकाम].

अशा बिडाचे घटक नेमके राखण्यासाठी दगडी कोळशाच्या कोकवर चालणाऱ्या क्युपोला भट्टीपेक्षा विजेची प्रवर्तन भट्टी सोयीची ठरते. तिच्यात रसाचे तापमान व संघटन यांवर अधिक ताबा राहतो. रूट्स बंधूंच्या यंत्राने एके काळी ज्या प्रकारच्या भट्टीला वारा घातला, त्या भट्टीची जागा अशा रीतीने दुसरीने घेतली आणि त्यामागील एक कारण त्याच यंत्राच्या वंशातील अतिभरित एंजिने हे होते.

मूल्यमापन व भवितव्य : आंतरशीतकामुळे लहान एंजिनातून मोठ्या एंजिनाची शक्ती मिळविता आली व त्यायोगे वाहनाचे वजन, इंधनाचा खप आणि धूर ही कमी करता आली. तथापि उष्णता नाहीशी करणारे साधन असे त्याचे वर्णन करणे चूक ठरेल. ते उष्णता एका जागेवरून दुसऱ्या जागी नेते. वातावरण आधीच तप्त असेल, पात्या चोंदल्या असतील किंवा पाणी तापले असेल, तर ती टाकण्यास जागा राहत नाही व सर्व भार पुन्हा धातूवर येतो. लॉकहार्टच्या मोटारीपासून घाट चढणाऱ्या ट्रकापर्यंत ही गोष्ट समान आहे.

विजेवर चालणाऱ्या वाहनांत ज्वलन नसल्याने अतिभरक व आंतरशीतक दोहोंची गरज उरत नाही. सिलिंडर-शीर्ष, दट्ट्या व टरबाइनाचे कवच यांचीही उरत नाही. विद्युत् घट व विद्युत् चलित्र यांना मात्र शीतन लागतेच. त्यामुळे उष्णता-विनिमयक करणाऱ्यांचे काम रूप बदलून चालू राहील. हायड्रोजनावरील इंधन-विद्युत् घटास दाबलेली हवा पुरवावी लागते व ती घटात शिरण्यापूर्वी थंड करावी लागते. हायड्रोजन जाळणाऱ्या एंजिनासही भरपूर थंड हवा हवी असते. ओतशाळांपुढील प्रश्न अधिक कठीण आहे, कारण त्यांचे कौशल्य ज्या तप्त भागांभोवती वाढले ते भागच कमी होण्याचा संभव आहे. कोल्हापूरने असा पालट एकदा अनुभविला आहे. तेलावरील एंजिनाची मागणी सरली, तेव्हा गाभा बसविण्याचे व रस ओतण्याचे ज्ञान सरले नाही. त्याला नवे ग्राहक मिळाले. पुढील पालटात या ज्ञानास कोणते काम मिळते, यावर शिरोलीसारख्या वसाहतींतील हजारो कुटुंबांचा चरितार्थ अवलंबून राहील.